ध्वनिसंपादन साधनाची निवड : संगणकीय खेळातील वाक्यांच्या निमित्ताने

१

संगणकीय खेळासाठी स्वतःच्या ध्वनिफाइली तयार करू पाहणाऱ्यास पहिला प्रश्न पडतो तो साधनाचा. ध्वनी कापणे, जोडणे, स्वच्छ करणे व योग्य स्वरूपात साठवणे या कामांसाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, हा तो प्रश्न होय. त्याला मिळणारे उत्तर बहुधा गुणांच्या यादीच्या रूपाने येते. एका साधनात परिणामांची संख्या मोठी, दुसरे विनामूल्य, तिसरे हाताळण्यास सुलभ, चौथे व्यावसायिक ध्वनिमुद्रकांच्या पसंतीस उतरलेले, अशी ही यादी असते. तीत असत्य असे काही नसते. तथापि ज्या सामग्रीवर हे साधन चालवावयाचे त्या सामग्रीचा विचारच तीत आढळत नाही. लाकूड कोणते हे न पाहता करवत निवडावी, तसा हा प्रकार आहे.

खेळातील ध्वनी हा स्फोटाचा, पावलांचा वा वाऱ्याचा असेल, तर या उपेक्षेने फारसे बिघडत नाही. स्फोटाचा आवाज थोडा बदलला तरी तो स्फोटच राहतो. मानवी भाषणाची गोष्ट वेगळी आहे. भाषणात काही सूक्ष्म भेदांवर अर्थ अवलंबून असतो, आणि हे भेद कित्येकदा ध्वनिलहरीच्या अत्यंत क्षीण, अल्पकालिक भागात वसलेले असतात. संपादनाचे साधन ज्या भागाला निरुपयोगी समजून टाकते, नेमका तोच भाग भाषेच्या दृष्टीने मोलाचा असू शकतो. म्हणून भाषणाच्या फाइलींसाठी साधन निवडताना दोन गोष्टी पाहिल्या पाहिजेत : कापलेल्या जागी ते काय शिल्लक ठेवते, आणि न सांगता ते काय बदलते. परिणामांची यादी त्यानंतर पाहता येईल. हे प्रमेय एका प्रसिद्ध उदाहरणाच्या आधारे तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

व्हॉल्व्ह या अमेरिकन संस्थेचा ‘हाफ-लाइफ’ हा खेळ नोव्हेंबर १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९६ च्या ‘क्वेक’ या खेळाच्या यंत्रणेचा आधार घेऊन त्याची यंत्रणा रचलेली आहे. या खेळात एका भूमिगत प्रयोगशाळेतील उद्घोषकाचा आवाज वारंवार ऐकू येतो. त्याची वाक्ये मुद्रित केलेली नाहीत. मुद्रित केलेले आहेत ते सुटे शब्द. प्रत्येक शब्दाची स्वतंत्र वेव्ह फाइल आहे, आणि ‘सेन्टेन्सेस’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत कोणत्या वाक्यासाठी कोणते शब्द कोणत्या क्रमाने वाजवावयाचे हे लिहिलेले आहे. स्वल्पविराम व पूर्णविराम यांसाठी विरामाच्या फाइली आहेत. शिवाय प्रत्येक शब्दाला स्वराची उंची, आवाजाची पातळी, कालसंकोच, तसेच शब्द कोठून सुरू करावा व कोठे तोडावा हे दर्शविणारे अंक जोडता येतात. खेळातील सैनिकांची वाक्येही याच पद्धतीने जुळविलेली आहेत.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने ही फाइल म्हणजे एक छोटे व्याकरणच होय. शब्दसंग्रह एकीकडे, रचनेचे नियम दुसरीकडे आणि उच्चारातील फेरफार दर्शविणारी चिन्हे तिसरीकडे, अशी तिची मांडणी आहे. ही फाइल कोणासही उघडून बदलता येत असल्यामुळे स्वतःच्या शब्दफाइली घालून नवी वाक्ये रचणे हा या खेळाच्या हौशी अभ्यासकांचा नित्याचा उद्योग झाला. मराठीत असा प्रयत्न करावयाचा झाल्यास काय घडेल, हा प्रश्न विचारला की साधनाच्या निवडीचा प्रश्न आपोआप भाषाविज्ञानाच्या कक्षेत येतो.

३

पहिला प्रश्न एककाचा, म्हणजे कोणता तुकडा स्वतंत्र फाइल म्हणून कापावा याचा आहे. हा प्रश्न खेळांच्या आधीचा आहे. सायरिल हॅरिस यांनी १९५३ मध्ये ध्वनिफितीचे तुकडे जोडून भाषण उभारण्याच्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका स्वनासाठी एकच तुकडा घेऊन भागत नाही, शेजाऱ्याप्रमाणे त्याची निरनिराळी रूपे घ्यावी लागतात, हे त्यांतून स्पष्ट झाले. पुढे १९५८ मध्ये पीटरसन, वांग व सिव्हर्टसन यांनी स्वनांच्या सीमेवर कापण्याऐवजी स्वनाच्या स्थिर मध्यभागी कापावे, म्हणजे दोन स्वनांमधील संक्रमण अखंड राहते, या दृष्टीने विचार मांडला. ‘हाफ-लाइफ’च्या रचनाकारांनी एकक म्हणून संपूर्ण शब्द घेतला. इंग्रजीपुरती ही निवड सोयीची आहे. कारण नामाचे रूप विभक्तीप्रमाणे बदलत नाही आणि विशेषण लिंगाप्रमाणे बदलत नाही.

मराठीत शब्द हे एकक इतके आज्ञाधारक नाही. ‘दरवाजा’ आणि ‘जवळ’ अशा दोन फाइली ओळीने वाजविल्यास ‘दरवाज्याजवळ’ तयार होत नाही. शब्दयोगी अव्ययापूर्वी नामाचे सामान्यरूप यावे लागते आणि अव्यय त्याला चिकटून एकाच श्वासात उच्चारले जाते. ‘फूल’ या फाइलीतून ‘फुलाला’ निघत नाही, कारण स्वर ऱ्हस्व झालेला असतो. ‘दगड’ या फाइलीतून ‘दगडाने’ निघत नाही, कारण ‘ग’ मधील अकार उच्चारात लोपतो. पहिला दरवाजा, पहिली खोली, पहिले दार आणि या तिघांच्या सामान्यरूपापूर्वी ‘पहिल्या’, अशी क्रमवाचकाची चार रूपे एकवचनातच लागतात. पाच क्रमवाचके व दहा नामे घेतली तर इंग्रजीला १५ फाइली पुरतील. मराठीला क्रमवाचकांच्या २० आणि नामांच्या २० पर्यंत, अशा सुमारे ४० फाइली लागतील. ज्या नामांचे सामान्यरूप सरळरूपासारखेच असते तेवढ्यांची बचत होईल. क्रियापदांच्या लिंगवचनानुसार होणाऱ्या रूपांचा हिशोब यात धरलेला नाही.

यावरून साधनाविषयीची पहिली अपेक्षा निश्चित होते. मराठीच्या कामात तुकड्यांची संख्या मोठी राहणार असल्यामुळे एका दीर्घ मुद्रणावर खुणा करून, प्रत्येक खुणेला नाव देऊन, त्यांवरून सर्व फाइली एकाच वेळी वेगळ्या काढता आल्या पाहिजेत. एकेक तुकडा हाताने कापून साठविणाऱ्याची दृष्टी थकते, आणि थकलेल्या दृष्टीने केलेले छेद एकसारखे नसतात.

४

दुसरा प्रश्न छेदाच्या जागेचा. स्पर्श व्यंजनात प्रथम अवरोधाची निःशब्दता, नंतर क्षणिक स्फोट आणि महाप्राण असल्यास त्यामागून श्वासाचा सळसळता अंश, असा क्रम असतो. तरंगरेखेच्या चित्रात यांपैकी स्वर तेवढा ठसठशीत दिसतो. स्फोट व श्वास यांची रेघ बारीक असते. डोळ्यांना ठसठशीत दिसते तेथून कापले तर ‘खोली’चा ‘ख’ अर्धा निघून जातो आणि ऐकणाऱ्यास ‘कोली’ वा ‘ओली’ यांच्या जवळचे काहीतरी ऐकू येते. छेद शून्यरेषेवर घ्यावा, नाहीतर टिचकीसारखा आवाज येतो, हा सर्वत्र दिला जाणारा सल्ला योग्यच आहे. त्यासोबत सुरुवातीस अल्पसा चढ द्यावा, असेही सांगतात. २२,०५० हर्ट्झच्या फाइलीत पाच सहस्रांश सेकंदांचा चढ म्हणजे सुमारे ११० नमुने. स्फोटाचा कालावधीही याच मापाचा असल्यामुळे चढ स्फोटावर पडला की व्यंजन बोथट होते. तो स्फोटाच्या आधीच्या निःशब्दतेवर पडला पाहिजे. आणि त्यासाठी तेवढी निःशब्दता कापताना राखून ठेवली पाहिजे.

निःशब्दता आपोआप आखूड करणारी सोय बहुतेक साधनांत असते. वाक्यांमधील लांब विराम काढण्यासाठी ती उपयुक्त आहे आणि तिची मूळ मर्यादा मोठी असते तोवर तिच्यापासून भय नाही. परंतु फाइली चपळ व्हाव्यात म्हणून ती मर्यादा एकदशांश सेकंदापर्यंत खाली आणली, तर ती शब्दाच्या आतही शिरते. ‘मका’ आणि ‘मक्का’ यांतील भेद प्रामुख्याने ‘क’च्या अवरोधाच्या लांबीचा, म्हणजे निःशब्दतेचाच आहे. यंत्राच्या लेखी तो रिकामा काळ. मराठीच्या लेखी ते द्वित्त होय.

हीच गोष्ट गोंगाट कमी करण्याच्या सोयीची. ती प्रथम निव्वळ गोंगाटाचा नमुना घेते आणि मग प्रत्येक वारंवारतापट्ट्यात त्या पातळीच्या आसपासची क्षीण ऊर्जा दाबून टाकते. महाप्राण व्यंजनांतील श्वास, ‘म्ह’, ‘न्ह’, ‘व्ह’ यांतील हकार आणि शब्दान्तीच्या घर्षक व्यंजनांची शेवटची रेघ ही स्वभावतःच गोंगाटासारखी असते. सोय जोराने चालविली की ‘म्हण’ हा शब्द ‘मण’ याच्याकडे सरकू लागतो. मुद्रण स्वच्छ वाटते, पण ती स्वच्छता व्यंजने खर्ची घालून मिळविलेली असते. शांत खोली आणि मुखाच्या जवळ ठेवलेला मायक्रोफोन यांना पर्याय म्हणून ही सोय वापरणे, हा या क्षेत्रातील सर्वात मोठा मोह म्हणावा लागेल.

५

तिसरा प्रश्न फाइलीच्या स्वरूपाचा. १९९३ च्या ‘डूम’ या खेळातील ध्वनी मुख्यतः सेकंदास ११,०२५ नमुने व ८ बिट या मापाचे होते. ‘हाफ-लाइफ’मध्येही ८ बिटच्या, ११,०२५ किंवा २२,०५० हर्ट्झच्या फाइली विपुल आहेत. स्मृतीची टंचाई हे त्यामागील कारण होते. जुन्या फाइलींशी जुळते घ्यावे म्हणून नव्या फाइलीही त्याच मापाच्या करण्याची प्रथा हौशी लोकांत दिसते. मराठीपुरती ती तपासून पाहणे आवश्यक आहे.

नमुन्यांच्या दराच्या निम्म्यापर्यंतच्या वारंवारताच फाइलीत राहू शकतात. ११,०२५ च्या दराला ही मर्यादा सुमारे ५,५१२ हर्ट्झ इतकी येते. ‘श’च्या घर्षणाची ऊर्जा या मर्यादेच्या पुष्कळ खालपासून सुरू होते, ‘स’ची ऊर्जा वरच्या बाजूस एकवटलेली असते आणि तिचा मोठा हिस्सा, विशेषतः स्त्रियांच्या व मुलांच्या आवाजात, मर्यादेपलीकडे जातो. ‘साल’ आणि ‘शाल’ यांतील अंतर त्यामुळे घटते. त्याहून नाजूक स्थिती दंततालव्य आणि तालव्य ‘च’, ‘ज’ यांची आहे. संख्यावाचक ‘चार’ आणि गुरांना ‘चार’ या आज्ञार्थातील ‘चार’, विश्व या अर्थाचे ‘जग’ आणि जगणे या क्रियापदाचे ‘जग’, हे भेद मराठी लिपी दाखवीत नाही. ते केवळ उच्चारात नांदतात. लिपीने न जपलेला भेद फाइलीनेही न जपल्यास त्याला दुसरा आधार उरत नाही. म्हणून खेळाची यंत्रणा परवानगी देत असेल तेथे मराठी भाषणासाठी २२,०५० हर्ट्झ हा किमान दर मानावा.

दर उतरविताना साधन काय करते यालाही महत्त्व आहे. वरच्या वारंवारता आधी गाळल्याशिवाय दर कमी केला तर त्या नाहीशा होत नाहीत. खोट्या रूपाने खाली परततात. ७,००० हर्ट्झचा घटक ११,०२५ च्या दरात ४,०२५ हर्ट्झचा होऊन बसतो. ‘स’ची ऊर्जा अशा रीतीने ‘श’च्या प्रदेशात येऊन पडते. चांगले साधन ही गाळणी न सांगता लावते, आणि न सांगता केलेल्या कामांपैकी हे एक इष्ट काम आहे.

बिटसंख्येचा परिणाम निराळा आहे. १६ बिटमध्ये ६५,५३६ पातळ्या मिळतात, ८ बिटमध्ये अवघ्या २५६. उतरण करताना होणारी विकृती झाकण्यासाठी अनेक साधने अत्यल्प गोंगाट मिसळतात. १६ बिटला तो जाणवत नाही. ८ बिटला तो ऐकू येतो, आणि शब्द जोडून वाक्य होत असेल तर प्रत्येक शब्दाबरोबर सुरू होऊन विरामात बंद पडतो. वाक्य धापा टाकीत बोलल्यासारखे वाटते. यावर उपाय दोन : शक्य तेथे १६ बिट वापरणे, अथवा विरामाच्या फाइलीतही तेवढाच गोंगाट ठेवणे.

६

चौथा प्रश्न ध्वनीबाहेरच्या माहितीचा. १९९१ मध्ये मायक्रोसॉफ्ट व आयबीएम यांनी पुढे आणलेल्या वेव्ह फाइलीच्या रचनेत ध्वनीच्या नमुन्यांखेरीज इतर कप्पेही असू शकतात. त्यांपैकी ‘क्यू’ या कप्प्यात स्थाननिदर्शक खुणा असतात. ‘क्वेक’च्या वंशातील खेळ अशी खूण आढळली की ती फाइल आवर्ती मानतात आणि खुणेपासून पुन्हा पुन्हा वाजवितात. वाऱ्याची वा यंत्राची घरघर अखंड ठेवण्यासाठी ही खूण अत्यावश्यक आहे. आता हीच फाइल क्यू कप्पा न जाणणाऱ्या साधनात उघडून पुन्हा साठविली, तर खूण निमूटपणे नष्ट होते आणि वारा एकदाच वाहून थांबतो. उलट, कापण्याच्या सोयीसाठी केलेली खूण शब्दाच्या फाइलीत राहून गेली, तर तो शब्द आवर्तनात अडकण्याचा संभव असतो. दोन्ही दोष कानाला संपादनाच्या वेळी कळत नाहीत. खेळ सुरू झाल्यावरच ते उघडकीस येतात.

ठिकाणाप्रमाणे अपेक्षा बदलते, हे येथे ध्यानात ठेवावे. ‘माइनक्राफ्ट’ला ऑग व्हॉर्बिस स्वरूपाच्या फाइली लागतात, आणि आवाज विशिष्ट दिशेने यावा असे वाटत असेल तर त्या एकमार्गी असाव्या लागतात, द्विमार्गी फाइलीला दिशा मिळत नाही. एमपी-३ मध्ये संकेतनाच्या वेळी आरंभी व अंती थोडी निःशब्दता मिसळते. म्हणून अखंड आवर्तनासाठी ते स्वरूप अडचणीचे ठरते. साधन निवडण्यापूर्वी खेळाची ही मागणी लिहून काढणे श्रेयस्कर.

७

या चार कसोट्यांवर प्रचलित साधने पाहता कोणतेही एक साधन सर्व बाजूंनी उतरत नाही.

‘ऑडॅसिटी’ हे विनामूल्य साधन कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी व रॉजर डॅनेनबर्ग यांनी १९९९ मध्ये सुरू केले आणि २००० मध्ये ते सर्वांस उपलब्ध झाले. आतील गणित ३२ बिटचे असल्याने मधल्या क्रियांत हानी अत्यल्प होते. नावे दिलेल्या खुणांवरून अनेक फाइली एकदम काढण्याची त्यातील सोय मराठीच्या मोठ्या शब्दसंग्रहाला फारच उपकारक आहे. क्यू खुणा वेव्ह फाइलीत लिहिण्याच्या बाबतीत मात्र ते दीर्घकाळ उणे राहिले, आणि त्यामुळे आवर्ती ध्वनींसाठी खेळ रचणाऱ्यांना दुसरीकडे वळावे लागले. ‘साउंड फोर्ज’ व ‘गोल्डवेव्ह’ ही साधने या बाबतीत समर्थ आहेत. ‘वेव्होसॉर’ हे लहानसे विनामूल्य साधनही हे काम करते. ‘रीपर’ मूळ मुद्रणाला हात न लावता सर्व फेरफार वेगळे नोंदवून ठेवते, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण अनेक मार्गांच्या मिश्रणासाठी रचलेले ते साधन नवख्यास बरेच शिकावयास लावते.

‘प्राट’ हे अॅमस्टरडॅम विद्यापीठातील पॉल बूर्स्मा व डेव्हिड वेनिंक यांचे साधन ध्वनिवैज्ञानिकांच्या परिचयाचे आहे. खेळांच्या चर्चेत त्याचे नाव क्वचितच निघते, आणि हाच त्या चर्चेतील खरा दोष आहे. छेद घेताना वर्णपट डोळ्यांसमोर असणे, स्फोट व श्वास वेगळे दिसणे, छेदबिंदू जवळच्या शून्यरेषेवर नेता येणे, आणि स्वन, शब्द, वाक्य अशा थरांत खुणा करून त्या साध्या मजकुराच्या फाइलीत साठविणे, या सोयी भाषण कापणाऱ्यास दुसरीकडे इतक्या नेमकेपणाने मिळत नाहीत. ‘प्राट’मध्ये लिहिलेला छोटा आज्ञासंच शंभर शब्द एकाच नियमाने कापतो. त्यात श्रवणसुखासाठी करावयाच्या संस्कारांची समृद्धी नाही, आवर्तनाच्या खुणांशी त्याचे देणेघेणे नाही, आणि त्याची खिडक्यांची मांडणी प्रथमदर्शनी रुक्ष वाटते. दर व बिट उतरविण्याचे अखेरचे काम ‘सॉक्स’ या आज्ञांनी चालणाऱ्या साधनाने सर्व फाइलींवर एकसारखे करता येते.

यावरून निवडीचे स्वरूपच बदलते. ‘कोणते साधन?’ या प्रश्नाची जागा ‘कोणत्या क्रमाने कोणते साधन?’ हा प्रश्न घेतो. मुद्रण ‘ऑडॅसिटी’त, छेद ‘प्राट’मध्ये, उतरण ‘सॉक्स’ने, आणि आवर्तनाच्या खुणा सर्वांत शेवटी, कारण त्यानंतर कोणतेही साधन चालविले तर त्या पुसल्या जाण्याचे भय असते.

साधनांच्या मालकीचा विचारही उपेक्षणीय नाही. ‘कूल एडिट’ २००३ मध्ये अॅडोबीकडे जाऊन ‘ऑडिशन’ झाले. ‘साउंड फोर्ज’ त्याच वर्षी सोनीकडे आणि २०१६ मध्ये मॅजिक्सकडे गेले. ‘ऑडॅसिटी’च्या प्रकल्पफाइलीचे स्वरूप २०२१ मध्ये बदलले आणि त्याच वर्षी ते म्यूज ग्रूपकडे गेले. साधने अशी बदलत राहणार; म्हणून मूळ मुद्रण साध्या वेव्ह स्वरूपात व खुणा साध्या मजकुरात जपून ठेवाव्यात. एखाद्या साधनाच्या खास प्रकल्पफाइलीत अडकलेले मुद्रण त्या साधनाच्या दैवाशी बांधले जाते.

८

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, ‘हाफ-लाइफ’चा उद्घोषक मुद्दामच यांत्रिक बोलतो, तुटक सुरावली हाच त्याचा स्वभाव आहे, मग इतकी काटेकोर दक्षता कशासाठी? आक्षेपाचा पूर्वार्ध खरा आहे. परंतु सुरावली तुटणे निराळे आणि स्वनिम नष्ट होणे निराळे. यंत्रासारखा बोलणारा मनुष्य समजतो. अर्धी व्यंजने गिळणारा समजत नाही. रेल्वेस्थानकावरील जोडवाक्यांच्या उद्घोषणा ऐकणाऱ्यास हा फरक वेगळा सांगावा लागू नये.

दुसरा आक्षेप असा की, स्मृतीची टंचाई आज उरलेली नाही. संपूर्ण वाक्येच मुद्रित करावीत म्हणजे सामान्यरूपाची अडचण नाहीशी होईल. जेथे वाक्यांची संख्या मर्यादित आहे तेथे हेच करावे, याबद्दल दुमत नाही. पण संख्या, स्थळे व नावे यांच्या जुळणीने होणारी वाक्ये मोजून संपत नाहीत. तेथे तुकडे लागतातच, आणि मराठीत तो तुकडा बहुधा प्रत्ययासह पद किंवा लहान पदबंध असावा लागेल. शिवाय संपूर्ण वाक्यही कापणे, गाळणे व उतरविणे या क्रियांतून जातेच. एकक मोठे झाले म्हणून व्यंजने अभेद्य होत नाहीत.

खेळासाठी ध्वनिफाइल करणे हा विरंगुळ्याचा विषय मानला जातो. तरीही ज्या भाषेत अशा फाइली थोड्या आहेत, त्या भाषेतील प्रारंभीच्या फाइलीच पुढच्यांचे वळण ठरवितात. निःशब्दतेची मर्यादा किती, गोंगाट किती दाबावा, दर कोणता, हे आकडे साधनाने आधी भरून ठेवलेले असतात आणि ते भरताना मराठीतील द्वित्त, महाप्राण व दंततालव्य वर्ण कोणाच्या ध्यानात असण्याचे कारण नव्हते. ते ध्यानात घेण्याची जबाबदारी साधन वापरणाऱ्या मराठी भाषकावर, आणि त्याला तसे शिकविण्याची जबाबदारी भाषाविज्ञानाच्या विभागांवर येते. साधन कोणतेही असो, अखेरची फाइल मूळ मुद्रणाशेजारी ठेवून ‘साल’ व ‘शाल’, ‘मका’ व ‘मक्का’, ‘म्हण’ व ‘मण’ अशा जोड्यांवर अपरिचित श्रोत्याकडून तपासून घ्यावी. त्या परीक्षेत ज्या क्रमाने केलेले काम टिकते, तो क्रम योग्य मानण्यास हरकत नाही.